रिव्ह्यूअर म्हणतो रिजेक्ट, एडिटर म्हणतात सुधारा... ऐकायचं कुणाचं?

प्रश्न: माझा पीएचडीतला पहिला पेपर जर्नलला पाठवून पाच महिने झाले. पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांपैकी, म्हणजे रिव्ह्यूअरपैकी, एकाने किरकोळ बदल सांगितलेत, दुसऱ्याने सरळ रिजेक्ट लिहिलंय, आणि असोसिएट एडिटर म्हणतात मेजर रिव्हिजन करा, म्हणजे मोठे बदल करून परत पाठवा. आधीचे सगळे ईमेल मॅनेजिंग एडिटरच्या नावाने यायचे, एडिटर-इन-चीफ तर तिसरेच कुणीतरी आहेत. नक्की कुणाचं चालतं? थेट चीफना लिहू का?

उत्तर: चीफना आत्ता लिहू नका. आणि मेजर रिव्हिजन आलंय म्हणजे पेपर अजून जिवंत आहे, हे आधी लक्षात घ्या.

रिव्ह्यूअर फक्त मत देतो, निर्णय एडिटरचा असतो. मी स्वतः काही वर्षं असोसिएट एडिटरचं काम केलंय म्हणून सांगते, पेपर आला की आधी मॅनेजिंग एडिटरचं ऑफिस बघतं, शब्दमर्यादा, आकृत्या, एथिक्सची परवानगी, उचलेगिरी वगैरे, मग चीफ बघतात की विषय आपल्या जर्नलचा आहे का आणि यात नवीन काही आहे का, नसेल तर तिथूनच परत. तुमचा पेपर तिथून पुढे गेला, त्या विषयातल्या असोसिएट एडिटरकडे. त्यांचं खरं काम म्हणजे रिव्ह्यूअर शोधणं, आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो, कारण रिव्ह्यूअरचं काम बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतं, सात-आठ जणांना विचारावं तेव्हा कुठे दोघं हो म्हणतात. मग दोन रिपोर्ट उलटसुलट आले तर मतं मोजायची नसतात, कुणाचं कारण पटतंय ते बघायचं असतं. तुमच्या एडिटरनी तेच केलंय. शेवटची सही काही जर्नलमध्ये त्यांचीच असते, काहींमध्ये चीफची.

त्या दुसऱ्या रिव्ह्यूअरवर रागावू नका हो. 1936 साली आइनस्टाइन आणि रोझेन यांचा गुरुत्वलहरींवरचा पेपर फिजिकल रिव्ह्यूच्या एडिटरनी बाहेरच्या तज्ज्ञाला दाखवला, त्याने चूक काढली, आइनस्टाइन इतके चिडले की न विचारता दाखवलाच का म्हणून पेपर परत घेतला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या जर्नलमध्ये आला, पण निष्कर्ष बदलून. रिव्ह्यूअरचं बरोबर होतं!

आता लिहायचं कुणाला? मुदत, फाइल, लिंक, स्टेटस, यासाठी मॅनेजिंग एडिटर. शास्त्रीय मुद्द्यांचं उत्तर रिव्हिजनसोबतच्या पत्रात, असोसिएट एडिटरना उद्देशून, एकेक मुद्दा घेऊन, पटला तिथे काय बदललं आणि नाही पटला तिथे का नाही, हे स्पष्ट लिहा, पुरावा द्या. चीफ कधी? निर्णयाविरुद्ध अपील करायचं असेल, किंवा हितसंबंधांची, चोरीची गंभीर शंका असेल तेव्हा. आणि वेबसाइटवर एडिटोरियल बोर्डाची लांबलचक यादी असते ना, त्यातले बहुतेक जण जर्नलला सल्ला देतात, तुमचा पेपर त्यांनी पाहिलेलाही नसेल, तेव्हा ओळखीचं नाव दिसलं म्हणून फोन करू नका, त्याने तुमचंच नुकसान होतं.

मुदत कमी वाटत असेल तर ती संपायच्या आधीच मॅनेजिंग एडिटरकडे वाढवून मागा, शक्यतो मिळते.