फुकट फोन आणि छत्तीस हप्ते

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा असून कंपनीच्या कामासाठी काही महिन्यांपूर्वी न्यू जर्सीतील एडिसन येथे आलो आहे. काम आणखी दीड ते दोन वर्षे चालेल आणि त्यानंतर मी परत जाणार आहे. सध्या महिना ३० डॉलरच्या प्रीपेड सेवेवर जुना फोन वापरतो. आता नवा आयफोन घ्यायचा आहे. व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल या तिन्ही कंपन्या जुना फोन जमा केल्यास नवा फोन फुकट देऊ असे सांगतात. तिघींपैकी कोणाचा फोन चांगला?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे शब्द ‘दीड ते दोन वर्षे’ हे आहेत, आणि उत्तरही मुख्यतः त्यांवरच ठरते.

आधी फोनविषयी. तिन्ही कंपन्यांकडे मिळणारा आयफोन यंत्र म्हणून एकच आहे. पूर्वी तसे नव्हते. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा अमेरिकेत तो फक्त एटी अँड टीकडे मिळत असे. व्हेरायझनच्या ग्राहकांना त्यासाठी फेब्रुवारी २०११ पर्यंत थांबावे लागले आणि टी-मोबाइलच्या ग्राहकांना २०१३ पर्यंत. शिवाय व्हेरायझन आणि स्प्रिंट (तेव्हाची चौथी मोठी कंपनी) यांचे जाळे सीडीएमए पद्धतीचे, तर इतर दोघींचे जीएसएम पद्धतीचे असल्यामुळे एकीकडचा फोन दुसरीकडे बहुधा चालतच नसे. २०२२ या एकाच वर्षात सर्वांची जुनी थ्रीजी सेवा बंद झाली आणि हा भेद संपला. म्हणून आज तुलना करायची ती फोनची नाही, तर त्यासोबत सही कराव्या लागणाऱ्या कराराची.

‘फुकट’ या शब्दामागची रीत अशी आहे. फोन आपल्याला पूर्ण किमतीला, हप्त्यांवर विकला जातो. उदाहरणादाखल किंमत ८२८ डॉलर धरली, तर ३६ महिन्यांचा हप्ता २३ डॉलर येतो. दर महिन्याच्या बिलात हे २३ डॉलर लावले जातात आणि त्याच बिलात तेवढीच रक्कम ‘क्रेडिट’ म्हणून वजा होते. आपण ग्राहक राहाल तोवर वजाबाकी चालू राहते. चौदाव्या महिन्यानंतर सेवा सोडली, तर क्रेडिट थांबते आणि उरलेल्या २२ हप्त्यांचे ५०६ डॉलर एकदम भरावे लागतात. जमा केलेला जुना फोन अर्थातच परत मिळत नाही. विक्रीकरही बहुतेक राज्यांत फोनच्या पूर्ण किमतीवर पहिल्याच दिवशी घेतला जातो. न्यू जर्सीत त्याचा दर ६.६२५ टक्के आहे, म्हणजे ‘फुकट’ फोन घेऊन दुकानाबाहेर पडताना सुमारे ५५ डॉलर गेलेले असतात. फोन चालू करण्याचे शुल्क त्याहून वेगळे.

व्हेरायझन आणि एटी अँड टी यांची ही मुदत ३६ महिन्यांची असते. टी-मोबाइलची बहुतेक फोनांवर २४ महिन्यांची. आपल्या मुक्कामात बसण्याची शक्यता त्यामुळे फक्त टी-मोबाइलची, आणि तीही अगदी काठावर.

आता खरा खर्च पाहू. अशा सवलतीसाठी बहुधा कंपनीचा महागडा पोस्टपेड प्लॅन घ्यावा लागतो. एका लाइनसाठी तो कर सोडून महिना ८० डॉलरचा आहे असे समजा. आपण वीस महिन्यांनी परतलात, तर ३६ महिन्यांच्या करारात सेवेचे १६०० आणि उरलेल्या १६ हप्त्यांचे ३६८, असे १९६८ डॉलर होतील. तोच फोन रोख ८२८ डॉलरला घेऊन सध्याची ३० डॉलरची सेवा ठेवली, तर वीस महिन्यांत १४२८ डॉलर होतात. जुना फोनही आपल्याकडेच राहतो आणि तो विकता येतो. टी-मोबाइलचे २४ महिने पूर्ण केले, तरी १९२० विरुद्ध १५४८ असा हिशोब आहे. आपल्याला दुकानात मिळेल तो खरा आकडा ८०च्या जागी घालून हे गणित कागदावर स्वतः करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण दुकानातला माणूस हप्त्याचे शून्य दाखवतो, प्लॅनचा फरक दाखवत नाही.

मात्र हे सर्वांना लागू नाही. चार जणांचे कुटुंब आधीपासून पोस्टपेड प्लॅनवर असेल, तेथेच काही वर्षे राहणार असेल आणि त्याच प्लॅनवर सवलत मिळत असेल, तर ती घेणे शहाणपणाचे आहे. चार लाइनींवर प्रत्येकीचा दर बराच उतरतो आणि तीन वर्षे बांधून राहण्याचा त्यांना जाच होत नाही.

आपल्या दृष्टीने दुसरी अडचण कुलपाची, म्हणजे फोन फक्त विकणाऱ्या कंपनीच्याच सिमवर चालण्याच्या ‘लॉक’ची आहे. एटी अँड टीचा फोन पूर्ण पैसे फेडल्यावर आणि किमान ६० दिवस वापरल्यावर अनलॉक होतो. टी-मोबाइलची अटही पूर्ण फेडीची असून वापराचे दिवस ४० आहेत. व्हेरायझनचा फोन २०१९ पासून अनेक वर्षे ६० दिवसांनी आपोआप अनलॉक होत असे आणि भारतात ये-जा करणारे लोक त्याच कारणासाठी ती कंपनी निवडत असत. पण ही सवलत आता गृहीत धरू नये, खरेदीच्या दिवशीचा नियम लेखी घ्यावा. लॉक असलेल्या फोनमध्ये सुट्टीला पुण्यात आल्यावर जिओचे किंवा एअरटेलचे सिम चालणार नाही, आणि आई-वडिलांकडे महिनाभर राहताना रोमिंगचे पैसे मोजत बसावे लागेल.

म्हणून माझा सल्ला असा की अॅपलकडून कोणत्याही कंपनीशी न जोडलेला अनलॉक फोन घ्यावा आणि सेवा वेगळी निवडावी. ती निवडताना मात्र तिन्ही जाळ्यांत खरा फरक आहे. टी-मोबाइलला २०२० मध्ये स्प्रिंट विलीन झाल्यावर २.५ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींचा (स्पेक्ट्रमचा) मोठा पट्टा मिळाला. व्हेरायझन आणि एटी अँड टी यांनी २०२१ च्या लिलावात ‘सी-बँड’ नावाच्या दुसऱ्या लहरीपट्ट्यासाठी अनुक्रमे सुमारे ४५ आणि २३ अब्ज डॉलर मोजले. पण आपल्या इमारतीच्या तळघरात कोणाची रेंज येते, हे यावरून कळत नाही. अनलॉक फोनवर ई-सिम (प्लॅस्टिकच्या कार्डाशिवाय फोनमध्येच भरले जाणारे सिम) घालून काही दिवस सेवा मोफत वापरून पाहण्याची सोय या कंपन्या देतात, तिचा उपयोग करावा. घर, कार्यालय आणि रोजची लोकल अशा तीन ठिकाणी पाहिले तरी पुरे. स्वस्त प्रीपेड सेवा याच तीन जाळ्यांवर चालतात, उदाहरणार्थ मिंट टी-मोबाइलच्या, क्रिकेट एटी अँड टीच्या आणि व्हिजिबल व्हेरायझनच्या जाळ्यावर. फक्त गर्दीच्या वेळी त्यांच्या अनेक प्लॅनांवरील ग्राहकांचा वेग आधी कमी केला जातो, हे लक्षात ठेवावे.

एक गोष्ट खरेदीआधीच माहीत असावी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमची खाचच नाही. ही मॉडेल केवळ ई-सिमवर चालतात. जिओ, एअरटेल आणि व्ही तिघेही ई-सिम देतात, त्यामुळे परतल्यावर अडचण नाही. पण बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलेले आपले भारतीय सिम प्लॅस्टिकचे असेल, तर ते पुण्याच्या पुढच्या फेरीतच ई-सिममध्ये बदलून घ्यावे.

प्रश्न : अमेरिकेत कंपन्या फोन फुकट देतात, मग आपल्याकडे असे का होत नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये भरून सीडीएमए फोन देऊ केला होता. २०१७ मध्ये जिओफोन १५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर आला, तेव्हा एअरटेलने कार्बन या कंपनीचा ‘ए४० इंडियन’ हा स्मार्टफोन ‘१३९९ रुपयांत’ आणला. त्यासाठी २८९९ रुपये आधी भरायचे, ३६ महिने दरमहा १६९ रुपयांचा रिचार्ज करायचा, आणि अठराव्या महिन्यानंतर ५०० व छत्तिसाव्या महिन्यानंतर १००० रुपये परत मिळायचे. रिचार्जचेच ६०८४ रुपये होतात. जिओफोनमध्ये फक्त जिओचेच सिम चालत असे. कार्बनचा फोन साधा अँड्रॉइड होता आणि रिचार्ज सोडला तरी ग्राहकाकडेच राहत असे, म्हणून माझ्या मते त्या दोघांत कार्बनचा करार ग्राहकाला अधिक मोकळा ठेवणारा होता.

तरीही ही पद्धत येथे रुजली नाही, कारण आपले बहुतेक ग्राहक प्रीपेडवर आहेत, ते फोन बाजारातून घेतात आणि दोन सिमांच्या फोनात दोन कंपन्या एकाच वेळी सांभाळतात. अशा ग्राहकाला तीन वर्षे बांधून ठेवण्यासाठी कंपनीच्या हाती महिन्याचे बिलच नसते.

प्रश्न : मुलाने अमेरिकेतून वापरलेला आयफोन पाठवला आहे, पण त्यात आमचे ई-सिम चालत नाही. बाजारात अनलॉक करून मिळेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बाजारात पैसे देऊ नयेत. फोनच्या सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्यात अबाउट उघडावे. तेथे ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे नसेल, तर फोन लॉक आहे आणि ते कुलूप फक्त मूळ कंपनीच उघडू शकते. मुलाला त्याच्या खात्यात पाहायला सांगावे की हप्ते शिल्लक आहेत का. असल्यास ते फेडून त्यानेच कंपनीकडे अनलॉकचा अर्ज करावा. त्यासाठी लागणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक आपण *#०६# दाबून त्याला कळवावा.