आधी वही, मग कपाट

तुमच्याकडे एक खोली आहे, लोकांनी दिलेली सहाएकशे पुस्तकं खोक्यांत पडून आहेत, आणि वर्गीकरण कोणतं वापरावं, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं असं तुम्ही विचारलंय. दोन्ही सांगतो. पण असंच एक छोटं वाचनालय बारा वर्षं चालवताना जे मला फार उशिरा कळलं ते आधी सांगतो. खोकी अजून उघडू नका.

आम्ही उघडली होती. पहिले दोन महिने चौघं जण पुस्तकं पुसत, शिक्के मारत, कपाटं लावत बसलो. सुरू केल्यावर दुसऱ्याच दिवशी एक मुलगा आला. हाताला ग्रीस, त्यामुळे बिचारा दारातच उभा. "मोटार रिवाइंडिंगचं काही आहे का?" आमच्याकडे कादंबऱ्यांची तीन कपाटं होती, ते नव्हतं. तो "बरं" म्हणाला आणि गेला. त्याच आठवड्यात एका आजींनी मोठ्या अक्षरातलं पुस्तक मागितलं, तेही नव्हतं. त्या दिवशी टेबलावर एक साधी वही ठेवली आणि तिच्यावर लिहिलं, 'नाही'. तारीख, काय मागितलं, पुढे मिळवून दिलं का, एवढे तीनच रकाने. मागणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. पुस्तक आल्यावर कळवा असं कोणी म्हणालं तरच त्याचा नंबर घ्यायचा. आमची आजवरची सगळी खरेदी त्या वहीवरून झाली आहे.

गंमत म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत वहीत पुस्तकं कमी आणि बाकीच्याच गोष्टी जास्त होत्या. अर्ज भरून द्याल का, आजचा पेपर आहे का, अभ्यासाला बसायला जागा मिळेल का. शेवटी आम्ही दोन कपाटं बाहेर काढली आणि लांब टेबल टाकलं. तुमची खोली अजून रिकामी आहे, तेव्हा हे तुम्हाला आधीच करता येईल. आसपासच्या पंचवीस-तीस लोकांशी बोला. मात्र "काय वाचायला आवडेल?" असं विचारू नका. त्यावर प्रत्येक जण भारदस्त नावं सांगतो आणि नंतर फिरकत नाही. "गेल्या महिन्यात कशाची माहिती शोधत होतात आणि ती शेवटी कुठे मिळाली?" असं विचारा. आणि कधी येऊ शकाल तेही विचारा. लोक कामावर असतात त्या वेळात उघडं राहणारं वाचनालय बंद असल्यासारखंच. रोज दोन तास जमणार नसतील तर आठवड्यातून तीनच दिवस उघडा, पण ठरलेल्या दिवशी कुलूप दिसता कामा नये. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं पहिलं 'पुस्तकं वापरासाठी आहेत' हे आहे. त्याखाली त्यांनी चर्चा केली ती ग्रंथालयाची जागा, वेळा, फर्निचर आणि माणसं यांची. गणित शिकवता शिकवता 1924 साली ग्रंथपाल झालेला माणूस, त्यामुळे हिशेब पक्का.

आता खोकी. देणगीदाराला पहिल्याच दिवशी सांगा की ठेवायचं काय ते आम्ही ठरवू, उरलेलं पुढे देऊ किंवा रद्दीत घालू. हे नंतर सांगितलं की माणसं दुखावतात. मला एकदा याचा चांगलाच प्रसाद मिळालाय, एका गृहस्थांना त्यांची पुस्तकं रद्दीच्या गठ्ठ्यात दिसली होती. जुनी कर-कायद्याची, औषधांची, संगणकाची, परीक्षांची पुस्तकं नुसती निरुपयोगी नसतात, ती चुकीची माहिती देतात. ती निःशंक बाहेर काढा. ट्रूझवेल नावाच्या अभ्यासकाने 1969 साली मांडलं की सुमारे 80 टक्के देवघेव 20 टक्के पुस्तकांवर होते. आमच्या रजिस्टरातही साधारण हेच दिसतं. वर्षातून एकदा निर्लेखन करा, म्हणजे बाद पुस्तकं नोंद करून काढून टाका. सहाशेतली अडीचशे ठेवलीत तरी बिघडत नाही. विरळ भरलेल्या फळीवर पुस्तक दिसतं, ठासून भरलेलीवर फक्त कणे दिसतात.

खोकं उघडलं की आधी वास घ्या. कुबट आला तर ते खोकं खोलीत आणूच नका. एका बुरशीच्या पुस्तकामुळे आमची अख्खी फळी गेली. पानांवर चकचकीत चपटी कसर पळताना दिसली तर ती पुस्तकं वेगळी ठेवा. कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, हवा खेळली पाहिजे. लहान मुलांची पुस्तकं सर्वांत खालच्या फळीवर, मुखपृष्ठ समोर करून. ही एक गोष्ट केली आणि मुलांची देवघेव डोळ्यांदेखत वाढली.

वर्गीकरण. ड्यूई दशांश पद्धत 1876 ची. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग, 500 विज्ञान, 600 तंत्रज्ञान, 800 साहित्य, 900 इतिहास-भूगोल, असे. रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धत 1933 ची, बुद्धीला फार सुंदर, पण आपल्या कामाची नाही. तुम्ही वाचकांच्या भाषेत आठ-दहा विभाग करा, 'शेती आणि झाडं', 'दुरुस्ती आणि कामधंदा', 'मुलांसाठी', आणि प्रत्येकाला रंगीत पट्टी चिकटवा. कथा-कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाने लावा. फक्त दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवायच्या वहीत, ड्यूईचे तीन आकडे लिहून ठेवा. पुढे संग्रह वाढला तर पुन्हा पहिल्यापासून बसावं लागत नाही.

दाखल नोंदवही मात्र कागदाची, बांधीव, पानांवर क्रमांक असलेली हवी. प्रत्येक पुस्तकाला एकच दाखल क्रमांक, बाद झालं तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. त्या वहीची प्रत स्प्रेडशीटमध्ये, आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा रकाना ठेवून. सॉफ्टवेअर म्हणाल तर 'कोहा' फुकट आहे आणि उत्तम आहे. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात 2000 साली ते पहिल्यांदा सुरू झालं. पण त्याला सर्व्हर लागतो आणि त्याची देखभाल करणारं माणूस लागतं. ते माणूस गाव सोडून गेलं की काय होतं, ते मी भोगलंय. दोन-तीन हजार पुस्तकं होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नका.

देवघेवीला जुनी कार्डपद्धत अजून झकास चालते. पुस्तकाच्या शेवटी खिसा, त्यात कार्ड. पुस्तक नेताना कार्डावर सभासद क्रमांक लिहायचा आणि कार्ड एका पेटीत परतीच्या तारखेच्या पट्टीमागे लावून ठेवायचं. सकाळी पेटी उघडली की आज कोणाचं काय यायचंय ते हातातच. दंड ठेवू नका. आम्ही ठेवला होता, तर पुस्तकही येईना आणि माणूसही येईना. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2019 मध्ये दंड बंद केला, ते वाचून आम्हाला जरा धीर आला. एक फोन पुरतो. अनामत ठेवायचीच तर नावापुरती.

किल्ल्या दोघांकडे असू द्या, एकाकडे कधीच नको.

खोलीला खिडकी कोणत्या बाजूला आहे आणि पावसाळ्यात कोणती भिंत ओलावते ते कळवा. कपाटं कुठे ठेवायची ते त्यावर ठरेल, मग फळ्यांची मापं सांगतो.