टुंड्रा हिरवा होतोय म्हणजे कार्बन कमी होतोय का?

तुझा प्रश्न असा की आर्क्टिक तापतंय, टुंड्रात, म्हणजे तिथल्या बिनझाडांच्या गोठलेल्या पट्ट्यात, झुडपं वाढतायत, मग ती हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतीलच की, एवढी काळजी कशाला. प्रश्न रास्त आहे, मलाही आधी असंच वाटायचं, पण आपण जमिनीवरचं बघतो आणि खरा साठा आहे खाली.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग दोन वर्षं तरी शून्याखाली राहिलेली जमीन. उत्तरेकडच्या अशा जमिनीत साधारण १४०० ते १६०० अब्ज टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. हजारो वर्षांची मुळं, पानं, शेवाळ, सगळं अर्धवट कुजलं आणि गोठून गेलं. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, तो दरसाल जरा खोल गेला की हा जुना माल जिवाणूंच्या हाती लागतो आणि ते तो कुजवून कार्बन हवेत सोडतात.

अलास्कात हीलीजवळ एट माइल लेक आहे, तिथलं शास्त्रज्ञ टेड शूर आणि सहकाऱ्यांचं २००९ चं काम तुझ्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. जिथं वितळायला लागून १५ वर्षं झाली तिथं जुना कार्बन निसटत होता तरी झाडोरा इतका जोरात की हिशेब जमेचाच, पण जिथं कित्येक दशकं आधी वितळलं तिथं झाडं पुरी पडेनात आणि हिशेब तोट्यात गेला. जुना-नवा कार्बन ओळखला तो कार्बन-१४ वरून, म्हणजे काळाबरोबर घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून. म्हणजे झाडं ओढतात हे खरं, पण काही वर्षंच.

आणि झाडं कामाला दोन-तीन महिने, जिवाणू त्याहून कितीतरी जास्त. शरदात हवा उणे झाली तरी जमीन लगेच गोठत नाही, पाणी गोठताना उष्णता सोडतं म्हणून मधला ओला थर आठवडेच्या आठवडे शून्यापाशीच अडकतो, वर बर्फाची गोधडी ऊब धरून ठेवते, म्हणून जिवाणूंचं काम चालूच, आणि हा बर्फ अडवून धरतात ती हीच झुडपं!

पाणी साचलं की ऑक्सिजन संपतो आणि मिथेन बनतो, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा. शेवाळातून वर येताना त्यातला बराचसा दुसरे जिवाणू खाऊन टाकतात. पण तिथं एक कापूसगवत असतं, फुटलेल्या बोंडासारखे पांढरे तुरे, दिसायला फार सुंदर, त्याच्या मुळा-देठांत आतून पोकळ्या, मिथेन त्यातून नळीतून यावा तसा सरळ हवेत.

वर आगी. २००७ मध्ये अलास्कात अनाक्टुवुक नदीकाठी हजारेक चौरस किलोमीटर टुंड्रा जळाला, सुमारे २१ लाख टन कार्बन एका हंगामात गेला. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्र बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालात तर आगी धरून टुंड्रा आता कार्बन साठवण्यापेक्षा सोडतोच जास्त, असं स्पष्ट लिहिलंय.