बॅक दाबल्यावर फी शून्य का होते

तुमचा प्रश्न असा : क्लासच्या प्रवेशाचा तीन टप्प्यांचा फॉर्म, सगळा एकाच पानावर. दुसऱ्या टप्प्यावर बॅक दाबलं की माणूस थेट साइटच्या बाहेर. आणि फॉरवर्डने परत आला तर नाव-पत्ता भरलेला, पण एकूण फी शून्य. या दोन वेगळ्या भानगडी आहेत.

पहिली सोपी. टप्पा बदलताना तुम्ही नुसते डिव्ह (पानाचे तुकडे) लपवताय, ब्राउझरच्या लेखी माणूस जागचा हललेलाच नाही. 'पुढे'वर पुशस्टेट करा (म्हणजे ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद), यूआरएलमध्ये टप्पा येऊ द्या. पुशस्टेट केल्याने पॉपस्टेट हा इव्हेंट (ब्राउझरने कोडला दिलेली वर्दी) येत नाही, तो बॅक-फॉरवर्डलाच येतो. म्हणून टप्पा दाखवणारं फंक्शन एकच ठेवून दोन्हीकडून बोलवा. पॉपस्टेटमध्ये पुन्हा पुशस्टेट मात्र नको. नाहीतर माणूस पेठेतल्या वनवेत शिरल्यासारखा फिरून तिथेच येतो.

दुसरी खरी गंमत. परत येण्याच्या वाटा दोन आहेत. एकीत ब्राउझर गोठवून ठेवलेलं पान जसंच्या तसं उघडतो : व्हेरिएबल (कोडने लक्षात ठेवलेली माहिती) शाबूत, लोड इव्हेंट येतच नाही. फायरफॉक्समध्ये हे 2005 पासून आहे, डेस्कटॉप क्रोममध्ये 2021 पासून. दुसरीत पान नव्याने लोड होतं, ब्राउझर फील्ड आपणहून भरून देतो, पण तुमचे व्हेरिएबल कोरे. तुमची फी शून्य म्हणजे ही दुसरी वाट. पेजशो इव्हेंट (पान समोर आलं की येणारा) दोन्हीकडे येतो. फी तिथे, फील्डमध्ये भरलेल्या माहितीवरून पुन्हा मोजा. चेंज इव्हेंटच्या (फील्ड बदललं की येणाऱ्या) भरवशावर राहू नका. 'आणखी एक पाल्य जोडा' अशा स्क्रिप्टने बनवलेल्या ओळी ब्राउझर भरून देईलच असं नाही, त्या सेशनस्टोरेजमध्ये (टॅब बंद होईपर्यंत ब्राउझर जपतो त्या जागेत) ठेवा. आधार नंबर तिथे ठेवू नका, सायबर कॅफेत बसून फॉर्म भरणारे अजून आहेत.

हे मी ठेचा खाऊनच शिकलो. सदाशिव पेठेतल्या एका ओळखीच्यांना दिवाळी फराळाच्या ऑर्डरचा फॉर्म करून दिला होता. सबमिट झाला की पोस्टच्याच (फॉर्म पाठवणाऱ्या विनंतीच्याच) उत्तरात 'धन्यवाद'चं पान. एका काकूंनी ते रिफ्रेश केलं, ब्राउझरने विचारलं 'पुन्हा पाठवू?', काकू हो म्हणाल्या. दोन किलो चकलीची चार किलो झाली! तेव्हापासून पोस्टनंतर 303 ('दुसरीकडे बघा' सांगणारा कोड) देऊन दुसऱ्या पानावर पाठवतो, आणि फॉर्ममध्ये एकदाच चालणारा टोकन ठेवतो.

पुढच्याच वर्षी उलटं झालं. डबल क्लिक नको म्हणून सबमिटचं बटण डिसेबल केलं, तर बॅकने आलेल्यांना गोठवलेल्या पानात 'पाठवत आहे…' म्हणत अडकलेलंच बटण दिसायला लागलं. पेजशोमध्ये पर्सिस्टेड (पान गोठवलेल्यातून आलं का ते सांगणारं) खरं असेल तर बटण पुन्हा चालू करा. फायरफॉक्स तर साध्या रिफ्रेशनंतरही डिसेबल लक्षात ठेवतो. त्या बटणावर ऑटोकम्प्लीट ऑफ लावा. बटणावर ऑटोकम्प्लीट विचित्र दिसतं खरं, पण चालतं.

कुठे अनलोड हँडलर (पान सोडताना चालणारा कोड) लावला असेल तर आधी काढा, त्याच्यामुळे पान गोठवणं टळतं. मग पेजशोमध्ये पर्सिस्टेड काय येतं ते कन्सोलवर छापून बघा. खरं आलं आणि तरीही फी शून्यच असेल, तर टप्पा दाखवणारं फंक्शन पाठवा, घोळ त्यातच असणार.