पावसाळ्यातली खताची बादली

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बादलीला वास सुटला म्हणून ती बंद करू नकोस. आपल्या कोल्हापुरात खत बिघडतं ते पावसाळ्यातच. हवेतच ओल असते, कचऱ्यातलं पाणी उडत नाही, आत वारं खेळत नाही आणि कचरा कुजायचं सोडून सडतो.

रंगाची २० लिटरची बादली चालेल. बुडाला पाच-सहा भोकं हवीत, बाजूंनाही चार-चार बोटांवर पेन्सिल जाईल एवढी. तळाशी तीन इंच नारळाच्या शेंड्या. मग कचरा बारीक चिरून टाकायचा आणि एक वाटी ओल्यावर दोन वाट्या कोरडं घालायचं. बहुतेकांचं चुकतं ते या प्रमाणातच. कोरडं म्हणजे वाळका पाला, उसाचं पाचट किंवा रसवंतीवरचं चिपाड. चिपाड मात्र कडकडीत वाळवून घे, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात. खरं तर मृगाआधीच दोन पोती भरून ठेवायची असतात, जुलैत वाळकं पान मिळत नाही. आता सुताराकडून साध्या लाकडाचा भुसा आण. प्लायवूडचा नको, त्यात चिकटवायचं रसायन असतं.

दर तीन दिवसांनी खालीवर कर आणि मूठभर दाबून बघ. हाताला ओल लागली पण थेंब पडला नाही, तर बरोबर. नाकाला झोंबणारा वास आला तर ओलं जास्त झालंय, कुजक्या अंड्याचा आला तर आत हवा नाही. दोन्हीला उपाय एकच, कोरडं वाढवून चांगलं ढवळणं. करड्या जाड अळ्या दिसल्या तर राहू देत, त्या कचराच खातात.

रविवारच्या मटणाची हाडं आणि उरलेला रस्सा बादलीत नको. उंदीर येतात, शिवाय तेलाचा थर बसून हवा कोंडते. पण मोरीतही ओतू नकोस. तांबड्या रश्श्याचं पातेलं घासण्याआधी कडेची तर्री जुन्या वर्तमानपत्रानं पुसून काढ. पांढऱ्या रश्श्याची चरबी तर गार झाली की पाइपातच थिजते. तळणीचं तेल गार करून बाटलीत भर. शहराच्या मोठ्या भागातलं सांडपाणी जयंती नाल्याला मिळतं. तिथून उपसून ते कसबा बावड्याच्या केंद्रात शुद्धीकरणाला जातं, पण जोराच्या पावसात नाला भरून वाहिला की थेट पंचगंगेत. तेलाचा तवंग पाण्यात हवा मिसळू देत नाही, आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी फोफावते. पुढे इचलकरंजी-शिरोळची माणसं याच नदीकाठी राहतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बादली भरली की झाकून ठेव, दुसरी सुरू कर. झाकल्यापासून साधारण अडीच महिन्यांत खत काळं, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं होतं. चाळून घे आणि कुंडीत तीन भाग मातीला एक भाग घाल. चाळणीवर राहिलेला चोथा नव्या बादलीत टाक, त्याचंच विरजण लागतं. गणपतीचं निर्माल्यही त्यातच जाईल, फक्त हारांचे दोरे आणि जरीच्या तारा आधी काढून घे.

तुझी,
काकू