पाच महिने ‘बघू’ म्हणणाऱ्या कांदेवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय की तीन वर्षं नोकरी बदलायचं मनात आहे, विचार करता करता दोन ऑफर गेल्या, तिसरीला शुक्रवारपर्यंत कळवायचंय, तरी ठरत नाही. माणूस इतका का रेंगाळतो?

मी काही मानसशास्त्र शिकलेलो नाही. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात आमची थोडी जमीन आहे, त्यात दोन-अडीच एकर उन्हाळ कांदा असतो. पण रेंगाळण्यातला माझा अनुभव दांडगा आहे, म्हणून लिहितो.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. लगेच विकला तर बाजारात सगळ्यांचाच माल आलेला असतो, म्हणून तो चाळीत भरायचा आणि भाव चढायची वाट बघायची. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेला, खालून-बाजूंनी वारा खेळेल असा लांबट सांगाडा. त्यात कांदा चार-पाच महिने राहतो. राहतो म्हणजे कसा, तर आधी पाणी उडून वजन घटतं, ते डोळ्यांना दिसत नाही. पावसाळी दमट हवेत सड लागते, एक नासला की शेजारचे नासतात, आणि चाळीजवळून जाताना नाक सांगतं. शेवटी कोंब. एका वर्षी २५० क्विंटल भरलेल्या चाळीतून माझे १७० निघाले. मी काहीच केलं नव्हतं, फक्त थांबलो होतो.

खरी खोड मला २०१९ ला लागली. त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी निर्यातबंदी आली. सगळे घाबरून माल काढत होते, मी मात्र चाळ फोडली नाही. धाडस वगैरे काही नव्हतं, तळ्यात मळ्यात चाललं होतं. मग परतीच्या पावसानं खरिपाच्या नव्या लाल कांद्याची वाट लावली, आणि नोव्हेंबरात माझ्या उरल्यासुरल्या कांद्याला क्विंटलला पाच हजारांच्या वर भाव मिळाला. गावात लोक म्हणाले, याला बाजार कळतो. मलाही तसंच वाटायला लागलं. माझ्यासारख्यांचा घात अशा एखाद्या वर्षानं होतो. न ठरवण्याला बक्षीस मिळतं आणि आपण त्याला संयम म्हणू लागतो. तुमच्याही मागे असं एखादं ‘बरं झालं तेव्हा घाई केली नाही’ असेल, आठवून बघा.

मग २०२३. ऑगस्टच्या १९ तारखेला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात भाव चढून चार हजारांपुढे गेला. मी ट्रॉली भरली, ताडपत्री बांधली, पहाटे निघायचं होतं. रात्री व्हॉट्सॲपवर लासलगाव, पिंपळगाव, विंचूर अशा सगळ्या बाजारांचे भाव तिसऱ्यांदा बघितले. एकानं लिहिलं होतं, पाच हजार लागणारच. सकाळी ताडपत्री सोडली आणि कांदा परत चाळीत टाकला. कांदा असा दोनदा हाताळला की त्याला मार लागतो हे शेंबडं पोरही सांगेल. दोन दिवसांनी, २८ ऑक्टोबरला, सरकारनं टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत लावली, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा परदेशी पाठवायचा नाही, आणि भाव खाली आला. मी म्हटलं, सावरेल. बायको म्हणाली, “तुमचं ठरेपर्यंत कांदा काय थांबून राहणार आहे का?” नोव्हेंबरअखेर कोंब आलेला माल दोन हजारांनी गेला.

ट्रॉली भरली त्या रात्री मला माहिती कमी पडत होती असं वाटायचं. आता वाटतं, माहिती गोळा करणं हीच माझी लपायची जागा होती. भाव बघत बसलं की काम केल्यासारखं वाटतं. दिल्लीत काय ठरणार हे त्या व्हॉट्सॲप ग्रुपला तरी कुठे ठाऊक होतं!

गंमत म्हणजे लिलावात मी अजिबात रेंगाळत नाही. व्यापारी ट्रॉलीतले चार कांदे उचलतो, बोली पुकारतो, अर्ध्या मिनिटात खेळ संपतो. द्यायचा तर द्या, नाहीतर ट्रॅक्टर वळवा. तिथे मी पटकन ‘दिला’ म्हणतो आणि माल उतरवायला व्यापाऱ्याच्या खळ्याकडे निघतो. म्हणजे ठरवायची ताकद आहे. समोर कोणी उभं नसलं की ती पाच महिने झोपते.

म्हणून आता मी एप्रिलमध्येच, भावाच्या बातम्यांचा गलका सुरू होण्याआधी, ठरवून टाकतो. चाळीचे तीन खण केलेत. पहिला आषाढी एकादशीच्या आत, खरिपाच्या खताबियाण्याला पैसा लागतोच. दुसरा पोळ्याच्या सुमारास. तिसरा दसऱ्याच्या आधी, भाव कसाही असो. हे चाळीच्या खांबावर खडूनं लिहिलेलं असतं, आणि पुसायचा अधिकार माझा नाही, बायकोचा आहे. विकल्यावर आठ दिवस भाव बघायचा नाही. हा नियम मी फार वेळा मोडतो.

यानं भाव चांगला मिळतो असं समजू नका. २०२४ ला माझा तिसरा खण गेला आणि नोव्हेंबरात भाव आणखी चढला, जिवाला लागलं. २०२५ ला निर्यातशुल्क एप्रिलपासून उठलं तरी तिन्ही खणांना रडकाच भाव मिळाला. फरक एवढाच की रात्री उठून चाळीत बॅटरी मारत फिरणं बंद झालं.

नोकरीचे तीन खण पडत नाहीत, मान्य. पण जे परत फिरवता येतं ते आणि जे येत नाही ते, एवढे दोन नक्की पडतात. नव्या कंपनीतल्या दोन माणसांशी बोलणं, पगाराचा आकडा मागून बघणं, घरी कर्जाचा हप्ता मांडणं, हे सगळं परत फिरवता येण्यासारखं आहे. ते बुधवारपर्यंत उरका, त्यापुढे नवीन माहिती घेऊ नका. राजीनामा तेवढा फिरत नाही, त्याच्यासाठी गुरुवारची रात्र पुष्कळ झाली. आणि थांबल्यामुळे तुमचं काय सडतंय तेही एका कागदावर लिहा. जाण्याचे धोके तुम्ही प्रश्नात आठ ओळी भरून लिहिलेत, थांबण्याचा एकही लिहिला नाही.

शनिवारी इथेच खाली कळवा. ‘नाही जात’ म्हणालात तरी चालेल, फक्त ‘बघू’ लिहू नका.