गाडी सिग्नलला उभी होती, पण कॅट जागेवर नव्हता

प्रश्न: मी सीवूड्सला राहतो. 2023 मध्ये ठाण्यातल्या एका गृहस्थांकडून 2018 ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230 घेतली. गाडी आधीच 'स्टेज टू' होती, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी बदललेली. ईसीयू (इंजिनचा संगणक) रीमॅप केलेला, म्हणजे त्यातली मूळ फाइल बदललेली. डाउनपाइपमधला, म्हणजे टर्बोखालच्या एक्झॉस्टच्या नळीतला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ('कॅट') काढलेला. मागचा सायलेन्सर मात्र मी बदलला. जूनमध्ये पाम बीच मार्गावर आवाजाबद्दल चलन झालं. 18 ऑगस्टच्या रात्री मोराज सर्कलच्या सिग्नलला उभा असताना मागून टेम्पोने ठोकलं आणि माझी गाडी पुढच्या बसवर आदळली. दुरुस्तीचा अंदाज 6 लाख 40 हजारांचा आहे. 21 नोव्हेंबरच्या पत्राने विमा कंपनीने 'न कळवलेले फेरफार' असं कारण देऊन दावा नाकारला. मागोमाग आरटीओची कारणे दाखवा नोटीस आली. मित्र म्हणतात, सगळं स्टॉक (मूळ कारखान्याचं) बसव आणि सर्व्हेअरचे फोटो दुसऱ्याच गाडीचे आहेत असं ठोकून दे. काय करू?

उत्तर: मित्रांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. तुमच्या सगळ्या कागदांत मला खरा धोका त्या एकाच वाक्यात दिसला. आज तुमच्यावर जे आरोप आहेत ते दंडाचे आणि कागदपत्रांचे आहेत. फोटो खोटे आहेत असं लिहून दिलंत तर प्रकरण खोटा पुरावा देण्यावर जाईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 मध्ये त्याला कैद आहे.

शिवाय ते टिकणारही नाही. तुम्ही पाठवलेला सर्व्हेअरचा फोटो मी मोठा करून पाहिला. टर्बोच्या खाली जिथे कॅटचा जाडसर फुगवटा असायला हवा, तिथे सरळ नळी आहे. तिच्या जोडावर वेल्डिंगची वळ आहे आणि तापून धातू निळसर-जांभळा पडलेला आहे. बाजूच्या चौकटीवर चासिस क्रमांकाचे शेवटचे आकडे त्याच फोटोत आले आहेत. त्यातून 298 पीएस (अश्वशक्ती) दाखवणारा डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद तुम्ही स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकलेला आहे. माझ्याच एका पक्षकाराने काही वर्षांपूर्वी सर्व्हे झाल्यावर रातोरात जुने भाग बसवले. नव्या बोल्टांवर धूळसुद्धा बसली नव्हती. बाकी सगळं त्याच्या बाजूने असलेला दावा त्या चार बोल्टांवर गेला. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

स्टॉकवर यायचं आहेच, पण उजेडात आणि तारखेसह. आत्ता गाडीला हात लावू नका. दावा नाकारल्याविरुद्धची तक्रार लेखी दाखल करा, कंपनीला फेरतपासणी करायची असेल तर पंधरा दिवसांत करा असं कळवा, आणि मगच काम सुरू करा. काम करताना प्रत्येक भागाचा फोटो, बिल आणि जॉबकार्ड ठेवा.

आता दाव्याकडे येते, कारण तुमची बाजू इथे वाटते त्याहून भक्कम आहे.

विमा हा परम विश्वासाचा करार असतो. विमा द्यायचा की नाही आणि किती हप्त्यावर द्यायचा, हे ठरवताना जी गोष्ट कंपनीच्या दृष्टीने महत्त्वाची, ती लपवायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सतवंत कौर संधू यांच्या प्रकरणात हेच सांगितलं आणि कंपनीचा वकील तो निकाल पहिल्यांदा पुढे करील. 230 पीएसची गाडी तीनशेच्या घरात नेणं ही महत्त्वाची गोष्ट नाही, असं मी तरी कोणासमोर म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.

पण त्याला दुसरी बाजू आहे. नितीन खंडेलवाल प्रकरणात (2008) खासगी गाडी भाड्याने चालवली जात असताना चोरीला गेली होती. चोरीच्या नुकसानीशी त्या अटभंगाचा संबंध नाही, म्हणून कंपनीला दावा पूर्ण झटकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. अमलेंदु साहू प्रकरणात (2010) अट मोडलेली असूनही 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने, म्हणजे काही भाग कापून, दाव्याच्या 75 टक्के रक्कम द्यायला लावली. तुमची गाडी लाल सिग्नलला थांबलेली होती. त्या क्षणी तिच्यात 230 पीएस होते की 298, याने टेम्पोच्या ब्रेकला काय फरक पडला? कॅट असता तरी डिकी तशीच चेपली असती. हा मुद्दा तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात आला पाहिजे. ते निकाल गाडीच्या वापराबद्दलचे होते, माहिती न देण्याबद्दलचे नव्हते, असा युक्तिवाद समोरून होईल. म्हणून शंभर टक्के मिळतील अशी आशा मी लावत नाही. पंचाहत्तर टक्क्यांसाठी मात्र नेटाने भांडण्यासारखं आहे.

हेच तुम्ही पावसात वेगात वळण घेताना दुभाजकावर गेला असतात, तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. आणि टर्बोच्या जादा दाबाने (बूस्टने) पिस्टन गेला असता तर दावाच नव्हता, कारण यांत्रिक बिघाड साध्या मोटार पॉलिसीत बसतच नाही.

दाव्यातून एक रक्कम तुम्ही स्वतःहून काढून टाका. अंदाजपत्रकात तुमच्या बाहेरून बसवलेल्या सायलेन्सरचे 85 हजार धरलेले आहेत. तो भाग कंपनीला कधी कळवला नाही, त्याचा हप्ता भरला नाही, तर त्याची भरपाई मागू नये. ती ओळ खोडल्याने उरलेल्या मागणीला वजन येतं.

कंपनीकडून दोन कागद लेखी मागवा: तुमच्या प्रस्ताव अर्जाची प्रत आणि सर्व्हेअरचा अहवाल. 2023 पासून तुम्ही दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करत आला आहात. त्या फॉर्ममध्ये फेरफारांबद्दल प्रश्न होता का, तुम्ही 'नाही'वर खूण केलीत, की ती खूण आधीच केलेली होती, की प्रश्नच नव्हता? या तीन शक्यतांचे तीन वेगळे निकाल लागू शकतात. तुम्ही पत्रात 'आठवत नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलंय. तक्रारीतही अर्ज हाती येईपर्यंत तेवढंच लिहा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी लागत नाही आणि तिथे वकील चालत नाही, तुम्हालाच बोलायचं असतं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. तो तुमच्यासाठी कोकण भवनात, बेलापूरला आहे आणि त्याची मुदत दोन वर्षांची. दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका.

आता जे तुमच्या पत्रात अजिबात नव्हतं ते. टेम्पोवाल्याचं काय? पंचनाम्यात त्याचा क्रमांक आणि विम्याचा तपशील आहे. तुमच्या मालमत्तेचं नुकसान त्याने केलं, तेव्हा त्याच्या आणि त्याच्या विमा कंपनीच्या विरुद्ध ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे 18 फेब्रुवारी. त्या दाव्यात तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतल्या अटींचा अडसर येत नाही. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळणार नाहीत, पण तुमच्या कंपनीने कापलेले पंचवीस टक्के इथे मागता येतील. माझ्या मते हा अर्ज डिसेंबरातच दाखल व्हावा.

आरटीओच्या नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. ती कलम 53 खाली आहे. गाडी नियमात बसत नसेल तर दोष दूर होईपर्यंत नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार त्यांना आहे, पण तुमचं म्हणणं ऐकल्यानंतर आणि कारणं लिहून. 'मी काही केलं नाही' असं उत्तर देऊ नका. रीमॅप आणि डाउनपाइप 2023 मध्ये गाडी घेतली तेव्हाच होते, सायलेन्सर मी बदलला, आता तिन्ही मूळ स्थितीत आणतो आहे, काम झाल्यावर मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी व्हावी, असं लिहा. तरीही विरुद्ध आदेश झालाच, तर तो हाती पडल्यापासून तीस दिवसांत कलम 57 खाली अपील आहे. निलंबन झालं तर मात्र गाडी रस्त्यावर एक दिवसही आणू नका. निलंबित नोंदणीवर चालवलेली गाडी पोलीस कलम 207 खाली ताब्यात घेऊ शकतात.

कोणी काय केलं हे वेगळं लिहायला सांगते त्याला कारण आहे. कलम 182ए च्या चौथ्या पोटकलमात शिक्षा आहे ती फेरफार करणाऱ्या मालकाला: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तुमच्या बाबतीत तो फेरफार एकच, सायलेन्सर. कॅट काढणारे आधीचे मालक. पण कॅट नसलेली गाडी तुम्ही रस्त्यावर चालवलीत, आणि हवा व ध्वनी प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवणं हा कलम 190(2) खालचा वेगळा गुन्हा आहे. त्यात पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सला मुकण्याची तरतूद आहे. जूनचं चलन कोणत्या कलमाखाली आहे ते वाचा. चलन खरं आहे, ते भरून टाका. मात्र ते 190 चं असेल तर पैसे भरल्याने लायसन्सचा प्रश्न आपोआप मिटत नाही, हे लक्षात असू द्या.

'पीयूसी पास आहे ना' हे उत्तर तुम्ही चलनाच्या वेळी पोलिसांना दिलंत. पीयूसी म्हणजे उभ्या गाडीच्या धुराची त्या दिवशीची तपासणी. त्या कागदाने कंपनीने बसवलेला कन्व्हर्टर काढायची परवानगी मिळत नाही. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमच्या थरावर जी प्रक्रिया होते ती तुमच्या गाडीत होतच नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर पार्किंगमध्ये पेट्रोलचा तिखट वास येतो असं तुम्हीच लिहिलंय. वरच्या मजल्यावरच्या घरांत तो जातो.

रीमॅपबद्दल ट्यूनर मंडळी एक मुद्दा नेहमी सांगतात आणि तो अगदीच पोकळ नाही. घनक्षमता 1984 सीसीच राहते, इंजिन आणि चासिस क्रमांक तेच, इंधन तेच, मग कलम 52 कुठे मोडलं? त्या कलमाच्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे रचनेतला असा बदल ज्याने वाहनाचं मूळ वैशिष्ट्य बदलतं, असं म्हटलंय. पण जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा अर्थ कडक लावला: उत्पादकाने ठरवलेली जी वैशिष्ट्यं नोंदणीत येतात, ती बदलता येणार नाहीत. अलीकडच्या आरसीवर अश्वशक्तीचा रकानाही असतो. एखाद्या पक्षकाराला फक्त रीमॅपवरून पकडलं तर मी युक्तिवाद जरूर करीन. पण त्या भरवशावर रीमॅपची फाइल गाडीत ठेवा, असं सांगणार नाही. कॅटबद्दल तर युक्तिवादाला जागाच नाही.

आधीच्या मालकांवर दावा लावायचा का, असं तुमच्या वडिलांनी विचारलंय. नको. 'स्टेज टू आहे म्हणून दीड लाख जास्त' असा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश तुमच्याकडेच आहे आणि तुम्ही त्यावर 'डन' लिहिलंय. त्यांना फोन करून मूळ कॅट आणि ईसीयूची मूळ फाइल मागा. बहुतेक जण कॅट माळ्यावर ठेवून देतात.

आणि गाडी विकायलाच हवी का? मुळीच नाही. भारतात 2017 पासून या गाडीच्या मोजक्याच प्रती आल्या. 230 पीएस, 350 न्यूटनमीटर, सहा गिअरची डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). ती जशी कारखान्यातून आली तशीही रस्त्यावर कमी पडत नाही. तिची खरी ताकद अनुभवायची तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट आहे, कोइम्बतूरचं कारी आहे. पाम बीचवर रात्री दोन गाड्या शर्यतीला लागल्या तर कलम 189 लागतं, आणि एकदा ते चलन तुमच्या नावावर आलं की वरची कुठलीच लढाई आजच्यासारखी लढता येणार नाही.

राहिला डॅशकॅम. मागच्या काचेवरच्या कॅमेऱ्यात टेम्पो येताना दिसतो, असं तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात. तुमच्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा तो आहे, आणि कार्ड अजून गाडीत, गाडी तुर्भ्याच्या वर्कशॉपमध्ये. तिथे कोणी गाडी चालू केली की जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. मूळ कार्ड पाकिटात बंद करून तारीख घाला, प्रत वेगळी काढा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र त्याला जोडावं लागेल, त्याचा मसुदा मी पाठवते. तुम्ही आजच तुर्भ्याला जा आणि ते कार्ड काढून आणा.